तुर्गो आणि वेठीचे रस्ते

(द्वितीय वर्ष, कला)

इतिहासाच्या पेपरात फ्रेंच राज्यक्रांतीच्या कारणांवर प्रश्न आला, की तुर्गोचे नाव आपण सारेच दीड ओळीत उरकतो. सोळाव्या लुईने त्याला अर्थमंत्री नेमले, त्याने काही सुधारणा सुचवल्या, दरबारातल्या बड्यांना त्या रुचल्या नाहीत आणि राजाने त्याला काढून टाकले. पुढच्या ओळीत नेकर येतो. काही पुस्तकांत त्याचे नाव टर्गो असे छापलेले असते. एवढ्यावर एखादा गुण मिळून जातो आणि तुर्गो मागे पडतो.

यंदा त्याच्याविषयी जरा सविस्तर वाचण्याचा योग आला तो एका शब्दामुळे. तुर्गोने रद्द केलेल्या गोष्टींच्या यादीत कोर्वे असा शब्द होता. सरांना विचारले तेव्हा त्यांनी एका शब्दात उत्तर दिले : वेठ. त्यातही रस्त्याची वेठ. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. पण वेठ म्हणजे काय हे घरात कुणाला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. गावात आलेल्या अंमलदाराचे सामान पणजोबांना डोक्यावरून पुढच्या गावापर्यंत पोचवावे लागे आणि त्याची मजुरी मागायची नसे, हे आजी अजूनही सांगते. तेव्हा अडीचशे वर्षांपूर्वीच्या फ्रान्समध्ये एका खानदानी घराण्यातल्या माणसाने वेठीशी का भांडावे, आणि त्या भांडणापायी हातची सत्ता का घालवावी, याचे मला कुतूहल वाटले.

आन रोबेर झाक तुर्गो याचा जन्म १० मे १७२७ रोजी पॅरिसमध्ये झाला. घराणे मूळचे नॉर्मंडीचे, पिढ्यान् पिढ्या राजाच्या चाकरीत मुरलेले. वडील पॅरिसच्या नगरप्रशासनाचे प्रमुख होते. शहराचे मोठे गटार त्यांनी बांधवले आणि घरन् घर दाखवणारा पॅरिसचा जो प्रसिद्ध नकाशा आहे तोही त्यांनीच करवून घेतला. अशा घरातल्या धाकट्या मुलाने धर्मपीठात जावे, अशी तेव्हाची रीत. तुर्गो धाकटा. स्वभावाने इतका बुजरा, की घरी पाहुणे आले की लपून बसे. शाळेत त्याला मिळणारे खाऊचे पैसे पाहता पाहता संपत. घरच्यांनी चौकशी केली तेव्हा कळले, की ते पैसे तो गरीब मुलांना पुस्तके घ्यायला वाटून टाकतो. थोरांच्या बालपणीच्या गोष्टी फारशा मनावर घेऊ नयेत असे मला वाटते. कारण त्या बहुधा माणूस थोर झाल्यावर आठवतात. पण पुढचा तुर्गो पाहिला म्हणजे ही गोष्ट अगदीच बनावट वाटत नाही.

सोरबोनमध्ये त्याने धर्मशास्त्राचा अभ्यास केला. १७५० साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, मानवी बुद्धीच्या प्रगतीवर त्याने तिथे लॅटिनमध्ये जे भाषण केले ते आजही अभ्यासले जाते. आणि नेमके पुढच्याच वर्षी त्याने धर्मपीठाचा मार्ग सोडून दिला. आयुष्यभर मुखवटा घालून वावरणे आपल्याला जमणार नाही, असे कारण त्याने मित्रांना सांगितले म्हणतात. मग तो न्यायखात्यात आणि राजाच्या प्रशासनात शिरला. विश्वकोशासाठी त्याने काही लेख लिहिले. व्यापारखात्यातील गुर्ने नावाच्या अधिकाऱ्याबरोबर तो प्रांताप्रांतांत तपासणीला हिंडला. माल, मजूर आणि धान्य यांच्या वाटेत सरकारने जितके कमी अडथळे आणावेत तितके बरे, हा विचार त्याच्या मनात पक्का झाला तो या फिरतीत. त्याच्या चरित्राचा हा भाग पुस्तकांत फार लांबवलेला असतो. मला मात्र पुढच्या तेरा वर्षांत अधिक रस आहे.

ऑगस्ट १७६१ मध्ये तुर्गोची लिमोझ येथे इंतेंदां म्हणून नेमणूक झाली. हे पद आपल्याकडच्या जुन्या कलेक्टरसारखे समजावे : करवसुली, रस्ते, दुष्काळ, सैन्याची व्यवस्था, सारे त्याच्याच हाती. लिमूझँ हा फ्रान्समधला दरिद्री मुलूख. जमीन हलकी, डोंगराळ. लोकांचे मुख्य अन्न चेस्टनटची फळे आणि कुट्टू. तिथले पुरुष दरवर्षी गवंडीकामासाठी पॅरिसच्या वाटेला लागत आणि हिवाळ्यात परत येत. आमच्या भागातली माणसे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, त्यातलाच हा प्रकार. पुढच्याच वर्षी तुर्गोला लिओं या श्रीमंत शहराची जागा देऊ केली गेली. त्याने ती नाकारली. आपण हाती घेतलेले काम अर्धवट सोडून जाणे बरे नव्हे, असे त्याने वरिष्ठांना कळवले. नोकरीत बदली मागून घेणारे पुष्कळ असतात, हा मनुष्य गरीब जिल्हा मागून घेणारा निघाला.

त्याच्या पुढ्यात आलेल्या प्रश्नांतला एक रस्त्यांचा होता. फ्रान्समध्ये मोठे रस्ते बांधायचे आणि राखायचे ते वेठीने. १७३८ साली ऑरी नावाच्या अर्थमंत्र्याने सगळ्या इंतेंदांना सूचना धाडल्या आणि त्या सूचनांवरच ही सारी व्यवस्था उभी राहिली; तिच्यामागे कायदा असा नव्हताच. रस्त्यापासून काही कोसांच्या आत जी गावे येतील, त्या गावांतल्या शेतकऱ्यांनी वर्षातले ठरलेले दिवस रस्त्यावर राबायचे. कुठे हे दिवस आठ-दहा असत, कुठे तीस-चाळीस. ज्याच्याकडे बैल आणि गाडी आहे त्याने ती घेऊन यायचे, ज्याच्याकडे काही नाही त्याने हातपाय घेऊन यायचे. मजुरी नाही. भाकरी आपापल्या घरची. न येणाऱ्याला दंड, नाहीतर कोठडी. सरदार, धर्मगुरू, शहरात राहणारे लोक आणि यांच्या ओळखीपाळखीचे पुष्कळसे यांना यातून सूट.

तुर्गोने या व्यवस्थेचा हिशेब मांडला. मला त्याची ही सवय आवडली, की तो आधी हिशेब मांडतो आणि मग चिडतो. वेठ फुकट असते हा सरकारचा समज त्याने खोटा ठरवला. तीन कोसांवरून बैलगाडी आणायची तर अर्धा दिवस येण्याजाण्यात जातो. पेरणीच्या तोंडावर बैल रस्त्यावर अडकले तर त्या वर्षीचे पीक बुडते. ते नुकसान कुठल्याच सरकारी वहीत लिहिले जात नाही. ज्याला मजुरी नाही तो जीव लावून काम करत नाही, आणि ज्याला खडी फोडण्याची सवय नाही त्याला ते काम येतही नाही. मग देखरेखीला माणसे ठेवायची आणि त्यांनी चाबूक उगारायचा. हेच काम मजुरी देऊन करवले असते, तर कमी दिवसांत आणि कमी खर्चात झाले असते. शिवाय रस्ता झाला म्हणजे भाव कुणाच्या जमिनीचा वाढतो? रस्त्याने धान्य बाजारात जाते, खंड वाढतो, तो जमीनमालकाला मिळतो. जो राबतो त्याच्याकडे बहुधा बाजारात न्यायला काही नसतेच.

कां येथील इंतेंदां फाँतेत याने वेठीऐवजी पैसे घेण्याचा प्रयोग आधीच केला होता. तुर्गोने तो आपल्या पद्धतीने पुढे नेला. रस्त्यालगतच्या गावाने बैठक भरवून ठराव करायचा, की आमच्या वाट्याचे काम ठेकेदाराकडून करून घ्यावे. ठेक्याची रक्कम गावाने भरायची, पण तितकीच रक्कम त्या गावाच्या ताय नावाच्या करातून वजा व्हायची. आणि ती वजावट सबंध प्रांताच्या करात थोडी थोडी वाटून टाकायची. परिणाम असा, की रस्त्याच्या कडेला राहण्याचे दुर्दैव ज्यांच्या नशिबी आले त्यांच्यावरचा बोजा दूरदूरच्या गावांवरही सारखा विभागला गेला. ठेकेदार मजूर लावणार, ते बहुधा त्याच भागातले असणार. म्हणजे कालपर्यंत फुकट राबणारा माणूस आज त्याच रस्त्यावर रोजाने राबणार.

शेतकऱ्यांना हे पटले असेल असे कुणालाही वाटेल. तसे झाले नाही. त्यांना भीती वाटली, की सरकार आधी पैसे घेईल, ते पैसे दुसऱ्याच कामाला लावील, आणि चार वर्षांनी वेठही पुन्हा लादील. मग कर तो वाढलेला आणि वेठ ती आहेच. ही भीती अडाणीपणाची नव्हती. राजाच्या तिजोरीचा अनुभवच तसा होता. तुर्गोने गावोगावच्या धर्मगुरूंना लांबलचक पत्रे लिहून ही योजना समजावून दिली आणि त्यांनी ती लोकांना समजावून सांगावी अशी विनंती केली. सरकारी हुकूम काढून मोकळा होणारा हा अधिकारी नव्हता. सैन्याचे सामान वाहून नेण्याचीही एक वेठ होती, तीही त्याने ठेक्याने करवायला सुरुवात केली. ती वेठ आमच्या पणजोबांच्या ओळखीची निघाली असती.

आता एक गोष्ट, जी वाचून मी खरोखर चकित झालो. लिमोझला तुर्गोच्या हाताखाली त्रेसागे नावाचा एक इंजिनियर होता. रस्तेबांधणीच्या इतिहासात या त्रेसागेचे नाव मोठे आहे. तोवर फ्रान्समधले रस्ते सुमारे १८ इंच जाडीचे करीत. एवढी जाडी कशाला? तर वेठीचे लोक वर्षातून दोनदाच, वसंतात आणि शरदात, रस्त्यावर आणता येत. मधल्या काळात चाकोऱ्या पडोत, पाणी साचो, दगड निखळोत, कुणी बघायचे नाही. सहा महिने कशीबशी तग धरावी म्हणून दगडांचा एवढा थर. तरीही दुरुस्तीच्या वेळेपर्यंत रस्ता जायचा तो जायचाच. त्रेसागेने पाहिले, की मजुरीची कायमची माणसे असली आणि खड्डा पडला त्याच आठवड्यात तो बुजवला, तर १० इंचांचा रस्ता पुरतो. त्याने तळाला दगड कडेवर उभे रचले, त्यावर हातोड्याने फोडलेले लहान दगड, आणि सर्वांत वर अक्रोडाएवढी कठीण दगडाची खडी. मग रस्त्याचा ठरावीक तुकडा ठरावीक माणसाकडे सोपवून त्याची रोजची निगा राखायची. १७७५ साली त्याने हे सारे एका टिपणात लिहून ठेवले. पुढे इंग्लंडात मॅकॅडमने तळाचा थरही काढून टाकला, आणि त्याच मॅकॅडमचे नाव आपल्याकडे रस्त्याच्या कामाच्या डब्ल्यूबीएम या शब्दात अजून टिकून आहे. म्हणजे रस्त्याची जाडी किती असावी हे केवळ जमीन आणि पाऊस ठरवत नव्हते, काम करणारा मजूर फुकटचा आहे की पगाराचा हेही ठरवत होते. अर्थशास्त्राच्या तासाला श्रम हा उत्पादनाचा घटक म्हणून आम्ही लिहून घेतो, पण तो असा इंचांत मोजता येतो हे मला कुठे ठाऊक होते!

हे वाचताना मला आमच्या गावची पाणंद आठवत होती. गेल्या उन्हाळ्यात पाणंदीवर मुरूम टाकायचे ठरले. सरकारी पैसा येईल तेव्हा येईल, आपण श्रमदान करू, घरटी एक माणूस यावा, असे देवळात ठरले. श्रमदानाविषयी माझे मन वाईट नाही. चार रविवार मी स्वतः घमेली उचलली आणि हसतखेळत काम झाले. पण चौथ्या रविवारी मी सहज मोजले. आलेल्यांत निम्म्याहून अधिक आमच्यासारखे, ज्यांचे त्या पाणंदीला एक गुंठाही रान नाही. ज्यांचा ऊस त्या वाटेने निघतो त्यांच्यापैकी दोघांनी ट्रॅक्टर दिला, एकाने चहा दिला आणि बाकीच्यांना त्या दिवशी तालुक्याला काम निघाले. न येणाऱ्या गरीब घराला मात्र दुसऱ्या दिवशी टोमणा ऐकावा लागला. दान आणि वेठ यांतली रेघ कुठे ओढायची, हा प्रश्न मला त्या दिवशी पडला. पुढे पावसाळ्यात दोन ठिकाणी मुरूम वाहून गेला. तो बुजवणे कुणाचे काम, हे ठरलेलेच नव्हते.

ठेकेदारीने हा प्रश्न सुटतो असे म्हणायला मी धजणार नाही. ठेक्याचे रस्तेही आपण पाहतो. पहिल्या दोन पावसांत डांबर जाते आणि खडी उघडी पडते. तुर्गोचा ठेकेदार लिमूझँमध्ये यशस्वी झाला, कारण त्याच्या मागे त्रेसागेसारखा इंजिनियर रस्त्यावर उभा होता आणि त्रेसागेच्या मागे तुर्गो होता. तुर्गोचे चाहते हे सांगताना जरा घाईत असतात असे मला दिसले. मजुरी आणि ठेका एवढ्याने सारे साधले असे त्यांना वाटते. देखरेख काढून घेतली, तर उरतो तो नुसता पैसा.

१७६९ साली लिमूझँमध्ये पीक बुडाले. पुढच्या वर्षी त्याहून वाईट. तुर्गोच्या कारकिर्दीतला हा सर्वांत कठीण काळ. धान्यव्यापार मुक्त असावा या मताचा हा माणूस. दुष्काळातही त्याने धान्याचे भाव बांधले नाहीत. उलट त्याच दिवसांत डोंगरातल्या दौऱ्यावर असताना अर्थमंत्र्याला धान्यव्यापारावर मोठमोठी पत्रे लिहिली. पण लोकांच्या हाती पैसा नसेल तर बाजारात धान्य असून उपयोग नाही, हेही त्याला कळत होते. म्हणून त्याने दुष्काळी कामे काढली. मुख्यतः रस्त्यांचीच. जो राबू शकतो त्याला काम आणि मजुरी, जो राबू शकत नाही त्याला मदत. स्त्रिया आणि मुले यांनाही मातीकाम दिले. रोजाने मजुरी न देता झालेल्या कामाचे माप घेऊन द्यावी आणि घरातल्या माणसांची मिळून एक टोळी असावी, अशा बारीकसारीक सूचना त्याने लिहून काढल्या. जमीनमालकांना हुकूम काढला, की तुमच्या बटाईदारांना दुष्काळात हाकलून लावता येणार नाही, पुढच्या पिकापर्यंत त्यांना पोसा. मालक चिडले. तिजोरीतून आलेला पैसा पुरेना तेव्हा त्याने स्वतःच्या नावावर कर्ज काढले. बटाट्याला लोक तेव्हा नाक मुरडत. ते त्याने स्वतःच्या पानात वाढून घ्यायला सुरुवात केली.

आमच्या आजीने १९७२ च्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडली. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. फोडलेल्या खडीचा ढीग मुकादम मोजायचा. माप कमी भरले की आठवड्याचा पगार कमी. कामावर सुकडी मिळायची, घरी मिलोची तांबडी भाकरी. ती हे सांगते तेव्हा तिच्या बोलण्यात तक्रार आणि अभिमान दोन्ही असतात. बोटांवर हातोडी बसल्याच्या खुणा ती दाखवते आणि लगेच म्हणते, की घरात पाच तोंडे होती, ती त्या खडीवर जगली. त्यात आणि तिच्या सासऱ्याच्या वेठीत काय फरक, असे मी तिला एकदा विचारले. तिने मला वेड्यात काढले. एकाला पगार होता, दुसऱ्याला नव्हता, एवढे कळायला कॉलेजात कशाला जायला पाहिजे, असा तिचा सूर होता. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्रात आकाराला आली आणि १९७७ च्या अधिनियमाने काम मागण्याचा हक्क कायद्यात आला. लिमूझँमध्ये असा हक्क नव्हता; तिथे एका अधिकाऱ्याची इच्छा होती. तो अधिकारी १७७४ मध्ये पॅरिसला गेला.

त्या वर्षी पंधरावा लुई वारला आणि एकोणीस वर्षांचा सोळावा लुई गादीवर आला. जुलैत तुर्गो आरमारमंत्री झाला आणि २४ ऑगस्टला अर्थमंत्री. दिवाळखोरी जाहीर करायची नाही, करवाढ नाही, नवे कर्ज नाही, हे त्याने पहिल्याच दिवशी राजाला लिहून दिले. मग उरतो तो एकच उपाय : खर्च कमी करणे. दरबारात त्याचे शत्रू किती झपाट्याने वाढले असतील हे सांगायला नको.

तो घाई करतो, असे त्याचे मित्रदेखील म्हणत. आमच्या घराण्यात लोक पन्नाशीला संधिवाताने जातात, असे तो उत्तर देई. त्या वेळी तो सत्तेचाळीस वर्षांचा होता. या घाईत त्याच्या हातून एक गोष्ट बिघडलीच. सप्टेंबर १७७४ मध्ये त्याने धान्यव्यापार मुक्त केला. त्या वर्षीचे पीक वाईट होते. १७७५ च्या वसंतात भाव भडकले, पॅरिसच्या आसपास दंगे झाले, बाजार आणि पाववाल्यांची दुकाने लुटली गेली. तुर्गोने सैन्य बोलावले, आणि दोघांना भर चौकात फाशी झाली. जो लिमोझला दुष्काळी कामांसाठी कर्ज काढीत होता तोच हा माणूस. सिद्धान्तावरचा विश्वास इतका घट्ट असावा का, असे इथे वाटून जाते. त्याच्या चरित्रातले हे पान मला टाळता येत नाही.

जानेवारी १७७६ मध्ये त्याने सहा हुकूमनामे राजापुढे ठेवले. दोन महत्त्वाचे : एक कारागिरांच्या बंदिस्त संघांची मक्तेदारी मोडणारा आणि दुसरा रस्त्याची वेठ सबंध देशात रद्द करणारा. लिमोझला त्याने वेठीऐवजी जो पैसा गोळा केला होता तो ताय भरणाऱ्यांकडून, म्हणजे सामान्य लोकांकडूनच. इंतेंदांच्या हाती तेवढेच होते. आता मंत्री म्हणून त्याने एक पाऊल पुढे टाकले. रस्त्याचा खर्च सर्व जमीनमालकांनी द्यावा, सरदारांनीसुद्धा. धर्मगुरूंच्या जमिनी त्याला अखेर वगळाव्या लागल्या, पण सरदारांना त्याने सोडले नाही.

खरे भांडण इथे पेटले. न्यायमंत्री मिरोमेनिल विरोधात गेला. पॅरिसचे पार्लमाँ म्हणजे आपली लोकसभा नव्हे. ते वरिष्ठ न्यायाधीशांचे मंडळ होते आणि राजाचे हुकूम नोंदवून घेण्याचा अधिकार त्याच्याकडे होता. त्या मंडळाने मार्चमध्ये राजाला कळवले, की राज्याची घडीच अशी आहे, धर्मगुरूंनी प्रार्थना करावी, सरदारांनी रक्त आणि सल्ला द्यावा आणि बाकीच्यांनी कर व श्रम द्यावेत. रस्त्यासाठी सरदाराकडून पैसा घेणे म्हणजे त्याला वेठकऱ्याच्या पंक्तीला बसवणे होय. हे वाचताना मला आपल्याकडच्या वर्णांच्या वाटणीची आठवण झाली. रकमेबद्दल सरदारांचे एवढे काही म्हणणे नव्हते; ती मोठी नव्हती. त्यांना सलत होते ते हे, की रस्त्याच्या वहीत आपले नाव कुणब्याच्या नावाखाली लिहिले जाईल.

आपल्या राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीला बंदी घातली आहे, हे आपण नागरिकशास्त्रात शिकलो. त्याच कलमाचा दुसरा भाग आपण सहसा वाचत नाही. सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लादण्याची मुभा त्यात राज्याला ठेवलेली आहे; मात्र ती लादताना केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग एवढ्या कारणाने भेद करता येणार नाही. पार्लमाँच्या न्यायाधीशांना ही अट वाचून घाम फुटला असता.

१२ मार्च १७७६ रोजी व्हर्सायला राजाने खास दरबार भरवून हुकूमनामे सक्तीने नोंदवून घेतले. कायद्याने तुर्गो जिंकला. दोनच महिन्यांत, १२ मे रोजी, राजाने त्याला काढले. राणी मारी आंत्वानेतचा रोष, दरबारातले हेवेदावे, खर्चकपातीने दुखावलेले लोक, सारे एकत्र आले होते. ऑगस्टमध्ये वेठ पुन्हा सुरू झाली. लिमूझँच्या शेतकऱ्यांनी बोलून दाखवलेली भीती अशी अगदी पूर्ण खरी ठरली.

तुर्गो पुन्हा सत्तेत आला नाही. उरलेली वर्षे त्याने पदार्थविज्ञान, लॅटिन काव्य आणि पत्रव्यवहार यांत घालवली. त्याने लग्न केले नव्हते. संधिवाताने त्याला कुबड्यांवर आणले आणि १८ मार्च १७८१ रोजी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, तो पॅरिसमध्ये वारला. घराण्याच्या हिशेबापेक्षा तीन वर्षे अधिक.

१७८७ साली आर्थर यंग हा इंग्रज शेतीतज्ज्ञ घोड्यावरून फ्रान्स हिंडला. लिमूझँमधले रस्ते पाहून तो थक्क झाला आणि ते वेठीने बांधलेले नाहीत हे त्याने आपल्या प्रवासवर्णनात मुद्दाम नोंदवले. त्याच वर्षी जून महिन्यात सरकारने रस्त्याची वेठ सबंध फ्रान्समध्ये कायमची रद्द केली आणि तिच्या जागी पैशाचा कर बसवला. तो कर मात्र ताय भरणाऱ्यांवरच बसवला. सरदार त्यातून सुटले ते आणखी दोन वर्षे, ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्रीपर्यंत.